फाल्गुनातली सायकल

सायकल भिंतीला टेकवा आणि तिच्यासमोर जमिनीवर बसा. पाना, पक्कड, तेलाची बाटली, फडकी सध्या दूरच राहू देत. हात मोकळे ठेवा. माघ संपत आला आहे. कर्जतच्या खाचरांतला भात केव्हाच घरात आला, मागे उरलेल्या ओलीवर घेतलेल्या वालाच्या शेंगाही आता वाळू लागल्या. काटेसावर आणि पांगारा फुलले आहेत, पळस रंग धरतो आहे. पहाटे उल्हास नदीच्या काठाने धुके असते. दहा वाजले की त्याच काठावर सावली शोधावी लागते.

आपल्याकडचा सायकलचा वसंत एवढाच. थंड देशांतली माणसे बर्फ वितळायची वाट पाहतात, आणि तो वितळला की त्यांच्यापुढे मोठा हंगाम पसरलेला असतो. इथे जमीन दिवाळीनंतर कोरडीच आहे, पण ऊन कुणासाठी थांबत नाही. शिमगा झाला की दुपारची हवा घाटाखाली कोंडून राहते. दिवस थोडे आहेत हे ठाऊक असल्यामुळे हात लगेच पंपाकडे जातो. त्याला आवरा. तीन-चार श्वास लांब घ्या, सावकाश सोडा, आणि मनात एकच प्रश्न धरा: मला हवे तिथे थांबता येईल का?

या मोसमाच्या तयारीत मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वेग उतार आपणहून देतो, त्यासाठी फारसे काही करावे लागत नाही. थांबणे मात्र तयार ठेवावे लागते, सायकलमध्ये आणि आपल्यामध्येही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीहून बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो मान मोठाच आहे, चढणाऱ्याने तो छातीच्या जोरावर मिळवलेला असतो. उतारावर योग्य जागी थांबणाऱ्यासाठी असा किताब नाही. पण त्याच घाटातली रेल्वे पाहा. १८६३ साली सुरू झालेला हा मार्ग ३७ फुटांना एक फूट असा चढतो. पुण्याकडून उतरणाऱ्या गाड्या ठाकूरवाडीसारख्या ठिकाणी, जिथे कुणा प्रवाशाला चढा-उतरायचे नसते, तिथे थांबतात. ब्रेकची खात्री झाली की मगच पुढे निघतात. दीडशेहून अधिक वर्षे ज्यांचे काम घाट उतरवणे हेच आहे, त्यांची ही रीत आहे. ती आपण घ्यावी.

आता उठा. पुढचे चाक जमिनीपासून उचला, हाताने जोरात फिरवा आणि डोळे मिटून घ्या. चाक पूर्ण थांबेपर्यंत ऐकत राहा, मध्येच हात लावू नका. हबमधून सारखी बारीक खरखर येत असेल तर छर्रे कोरडे पडले आहेत, पावसाळ्यातले पाणी आत गेले असेल. प्रत्येक फेरीला एकदाच, ठरावीक जागी ‘सर्र’ होत असेल तर डिस्क वाकली आहे किंवा नीट बसलेली नाही. डोळे उघडून रिम पाहा. ती डावी-उजवीकडे डुलत असेल तर चाकाचा आऊट काढायला हवा. आरे एकेक करून बोटांनी दाबा. सैल आरा लगेच कळतो. मागच्या चाकाचेही असेच करा, आणि तेवढाच वेळ द्या. बहुतेकांचे लक्ष पुढच्या चाकाजवळच संपते.

मग पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरा आणि सायकल मागे-पुढे हलवा. दुसऱ्या हाताची बोटे हँडलखाली, हेडसेटच्या जोडावर ठेवा. तिथे ‘टक्’ लागले तर प्ले आला आहे. तो काढून घ्या, नाहीतर उतारावर हँडल थरथरेल आणि दोष तुम्ही दगडांना द्याल.

ब्रेकपाशी मात्र बराच वेळ थांबायचे आहे. चाक काढा, पॅड बाहेर घ्या, तळहातावर ठेवा आणि उजेडाकडे धरून पाहा. पत्र्यावर चिकटवलेला तो काळा-करडा थर एक मिलिमीटरवर आला असेल तर नवे घ्या. थर जाड आहे पण आरशासारखा चकाकतो आहे, तर तोही नीट धरणार नाही. बारीक पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासून चकाकी काढा. डिस्कला बोट लावू नका. आपल्या बोटांचे तेलही तिला बिघडवायला पुरते. औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ कापडावर घेऊन डिस्क पुसा, कापड काळे येणे थांबेपर्यंत पुसा. चेनवर स्प्रेने तेल मारायची सवय असेल तर ती सोडा. त्या स्प्रेचा अदृश्य तुषार मागच्या डिस्कवर बसतो, आणि ते कळते उतारावर.

नवे पॅड घातले की ते लगेच धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घ्या, ब्रेक हळूहळू दाबत चालण्याच्या गतीवर या, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असे वीस वेळा तरी करा, आधी पुढचा, मग मागचा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसला की ब्रेकला धार येते. हे काम कंटाळवाणे वाटते, पण त्यात गंमतही आहे: प्रत्येक दाबाबरोबर ब्रेक जरासा बदललेला बोटाला कळत जातो. ते कळू द्या.

लिव्हर दाबून पाहा. ती हँडलपर्यंत स्पंजासारखी येत असेल तर तेलात हवा शिरली आहे, ब्लीड करून घ्यावे लागेल. काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, काहींत डॉट. ही एकमेकांच्या जागी कधीही चालत नाहीत, सील फुगून खराब होतात. डॉट हवेतली ओल शोषते, म्हणून आपल्या पावसाळ्यानंतर ते बदललेले बरे.

हे सगळे मी एवढे लांबवून सांगतो आहे त्याला कारण आहे. आंबिवलीहून पेठला चढणारी रुंद वाट डोळ्यांपुढे आणा. वर कोथळीगडाचा सुळका आहे, त्याच्या पोटात कातळात खोदलेला जिना आहे, तो पाहून माणसे हरखून खाली निघतात. फाल्गुनात त्या वाटेवर सुटी खडी आणि मुरूम असतो. ट्रेकर ज्याला घसारा म्हणतात तो हाच. तिथे पुढचा ब्रेक एकदम दाबला तर चाक थांबते, सायकल थांबत नाही. सपाटीला थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण थांबताना वजन पुढे येते. घसाऱ्यावर तीच ताकद थेंबाथेंबाने द्यावी लागते: एका बोटाने, आधी सरळ भागात, वळणाच्या अलीकडे. गुडघे सैल, टाचा खाली, कंबर मागे. हे वाचून येत नाही. गावाबाहेरचे एखादे मोकळे खळे गाठा आणि संध्याकाळी तिथे नुसते थांबायचा सराव करा. एक दगड ठेवा. त्याच्याजवळ थांबा. पुन्हा जा, पुन्हा थांबा.

चेनचे काम सोपे आहे. बारा इंची पट्टी घ्या आणि एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. चेनच्या पिना अर्ध्या अर्ध्या इंचावर असतात, म्हणून चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. ती एक षोडशांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर मागची कॅसेटही बहुधा झिजली आहे. या दिवसांत बैलगाडीच्या वाटांवर घोट्याएवढा फुफाटा असतो, आणि ओल्या तेलावर बसलेली धूळ चेनला कानशीप्रमाणे खाते. प्रत्येक कडीला तेलाचा एक थेंब पुरे. पाच मिनिटे थांबा आणि बाहेरून सगळे पुसून काढा. तेल आत लागते, बाहेर ते फक्त माती धरते.

टायरवर तळहात ठेवा आणि चाक अगदी हळू फिरवा. या भागातले शेतकरी वालाच्या आणि भाजीच्या राखणीसाठी बोरीच्या, करवंदीच्या फांद्या बांधांवर टाकतात. काटा टायरमध्ये मोडतो, टोक आत राहते, बाहेर काळा ठिपका दिसतो, एवढेच. अंगठ्याने दाबले की तो टोचतो. चिमट्याने ओढून काढा आणि दिव्याखाली पाहा: करवंदीचा काटा सुकला तरी त्याचे टोक सुईसारखेच असते. ट्यूबलेस टायर असेल तर चाक कानाजवळ धरून हलवा. आत सीलंटची खळखळ ऐकू यायला हवी. ते दोन ते सहा महिन्यांत सुकते, आपल्या उन्हात लवकर. आवाज नसेल तर नवे भरा. हवा गच्च भरायचा मोह टाळा. सव्वादोन-अडीच इंची ट्यूबलेस टायरला साधारण वजनाच्या माणसाला पंचविसाच्या आसपास पीएसआय पुरते, ट्यूब असेल तर चार-पाच जास्त. मऊ टायर दगडाला कवेत घेतो, कडक टायर त्यावरून उडतो.

आता सायकल बाजूला ठेवा.

उकिडवे बसा. टाचा जमिनीला टेकलेल्या, हात गुडघ्यांवरून पुढे सोडलेले. आपल्या आज्या याच बैठकीत तासन्‌तास भाजी निवडत. खुर्चीवर वर्ष काढलेल्या शरीराला ते एक मिनिटही अवघड जाते. कुठे ताण येतो ते पाहा. पोटऱ्यांत असेल, कमरेच्या खालच्या भागात असेल, मांडीच्या मुळाशी असेल. ताणाशी भांडू नका, तिथे श्वास पोचू द्या. टाचा उचलल्या जात असतील तर खाली एखादे पुस्तक ठेवा. निघायच्या आधीचे दोन-तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ एवढे केले तरी पेडलवर उभे राहून उतरताना कंबर साथ देते. मनगटे गोल फिरवा. मुठी घट्ट आवळा आणि उघडा. लांब उतारावर आधी दमतात ती बोटे, आणि दमलेले बोट ब्रेक उशिरा दाबते.

डोळे मिटा आणि उन्हाचा विचार करा. घाटाच्या भिंतीखालचे ऊन कोरडे नसते. समुद्राकडची दमट हवा पनवेलवरून आत येते आणि सह्याद्रीला अडते. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. शरीर याला सरावते. दहा ते चौदा दिवस रोज थोडा थोडा उन्हात व्यायाम झाला की रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. वातानुकूलित खोलीतून थेट रविवारच्या उन्हात गेलेल्या शरीराला हे काही मिळालेले नसते. त्याला वेळ द्या. पहिल्या आठवड्यात फार लांब जाऊ नका.

पाण्यासाठी उंबरखिंड आठवा. खालापूर तालुक्यात, चावणी गावाजवळ ती आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखानाचे सैन्य लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाट उतरून त्या अरुंद खिंडीत आले आणि शिवाजी महाराजांनी त्याला दोन्ही बाजूंनी कोंडले. सैन्य मोठे होते. वाट दाट जंगलाची होती, माणसे ओझ्याने आणि चालण्याने थकलेली होती आणि घशाला कोरड पडली होती. अखेर खानाने खंडणी देऊन सुटका करून घेतली. ऋतू हाच होता. आपल्या पाठीवरच्या पिशवीत पाणी किती, हा प्रश्न या डोंगरात तेव्हाही निर्णायक होता.

कष्टाच्या सायकलीत तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, उन्हात त्याहून जास्त. नुसते पाणी पीत राहिलात तर मीठ भरून निघत नाही. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही घरगुती जलसंजीवनी सर्वांत भरवशाची. परतल्यावर कोकमाचे सरबत किंवा मीठ-जिरे घातलेले ताक. तहान लागण्याची वाट पाहू नका. आणि एक नीट लक्षात ठेवा: उन्हात अंगावर काटा आला, घाम एकदम आटला, साध्या प्रश्नाचे उत्तर सुचेनासे झाले, तर सायकल तिथेच आडवी टाका आणि सावलीत बसा. सोबत्याला अंगावर पाणी ओतून वारा घालायला सांगा. बोलण्यात गोंधळ झाला असेल तर तो उष्माघात आहे, गाडी मागवून दवाखाना गाठा. तेव्हा एखादा चढ बाकी राहिला तर राहू द्या.

सायकल झाली, शरीर झाले. उरली वाट. ती आता बसल्या जागी मनातून चालून या.

कर्जतहून कोंदिवड्याच्या रस्त्याला लागा. अजून उजाडायचे आहे, दिवा चालू ठेवा. उल्हास उथळ झाली आहे, गोटे वर आले आहेत. डोक्यावर राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले काळे दिसतात, त्यांच्या खाली झाडीत कोंडाणे लेणी आहेत, दोनेक हजार वर्षांच्या वाहतुकीची साक्ष देणाऱ्या घाटवाटांच्या पायथ्याशी. डांबर संपते. सागाची पाने गळून वाटेवर पसरली आहेत, पापडासारखी वाजतात. त्यांच्याखाली काय आहे ते दिसत नाही. दगड असेल, मूळ असेल, खड्डा असेल. इथे वेग कमी करा, मनातही. खाचरातून जाताना भातकापणीच्या वेळी चिखलात उमटलेले गुरांचे खूर आता विटेसारखे कडक झालेले असतात, हँडल त्यात नाचते. घट्ट धरू नका.

दुसरीकडे, राजनाल्याच्या कालव्याखालच्या गावांत, सगळे तपकिरी असताना मध्येच हिरवागार पट्टा दिसेल. ते उन्हाळी भात आहे. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी नळांतून खाली येते, भिवपुरीच्या टाटांच्या वीजगृहात १९२२ सालापासून वीज करते, आणि तिथून सुटून या भाताला मिळते. तिथले बांध ओले आणि मऊ असतात. त्यांवर चाक चढवू नका. एक बांध फुटला की एका घराचे पाणी वाहून जाते.

वाटेत समोरून डोक्यावर मोळी घेतलेली ठाकर किंवा कातकरी बाई येते. तिला मान वळवता येत नाही, बाजूला होता येत नाही. लांबूनच थांबा, सायकलवरून उतरा, सायकल डोंगराच्या उताराच्या बाजूला घ्या आणि आवाज द्या, “मावशी, या तुम्ही.” घंटी वाजवू नका. तिच्या रोजच्या कामाच्या वाटेवर आपण हौसेने आलो आहोत. गुरे आली तरी तेच. वाडीतली कुत्री अंगावर आली तर उतरून सायकल मध्ये धरा आणि चालू लागा. बहुतेक कुत्री चालणाऱ्या माणसाला सोडून देतात.

खाचराच्या तोंडाशी काटेरी फांदी आडवी टाकलेली असेल तर ती उचला, पलीकडे जा आणि होती तशीच परत ठेवा. ती वाट बंद करण्यासाठी नसते, गुरे वालात शिरू नयेत म्हणून असते.

धूर दिसेल. या दिवसांत शेतकरी राब भाजतात. पालापाचोळा, टहाळ, शेण यांचे थर रोपाच्या जागेवर रचून, वर माती पसरून पेटवतात. तो धूर एका जागी, माणसांच्या राखणीत असतो. पण गवताळ डोंगरावर पसरत चाललेली धुराची रेघ दिसली तर तो वणवा आहे. आग चढावर फार वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला असलेल्या वाटेवर कधीही जाऊ नका. तिथूनच मागे फिरा आणि जवळच्या वाडीत सांगा.

चौकच्या बाजूने जाणार असाल, तर इर्शाळगडाच्या त्या उताराकडे पाहून थोडे थांबा. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथे दरड कोसळली आणि इर्शाळवाडी गाडली गेली. गडाला जाणारी माणसे वर्षानुवर्षे त्या वाडीतून जात, तिथल्या ओटीवर टेकत, चहा-भाकरी घेत. अनेक कुटुंबे अजून त्या मातीखाली आहेत. तिथे सायकल चालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खालून नमस्कार करावा आणि मोरबे धरणाच्या बाजूचा रस्ता घ्यावा.

आता डोळे उघडा. उद्या निघणार असाल तर कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी लिहून ठेवा, कारण घाटाच्या पायथ्याशी बऱ्याच जागी फोनला रेंज नसते. एकटे जाऊ नका. उजाडताना निघा, दहाच्या आत सावलीत या. आणि हा हंगाम फार तर एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत धरा. जूनमध्ये पाऊस लागला की राबावर रोपे उभी राहतात आणि खाचरातल्या या सगळ्या वाटा पुन्हा शेत होतात. तेव्हा त्यांत सायकल घालू नका.